ऐकू न आलेलं वाक्य

जगातल्या सर्वांत भीषण विमान अपघातात सापडलेल्या दोन्ही विमानांत कसलाही बिघाड नव्हता. इंजिनं ठणठणीत होती, रेडिओ चालू होते आणि दोन्ही कॅप्टन अत्यंत अनुभवी होते. दोघंही एकाच धावपट्टीवर होते आणि एकाच फ्रीक्वेन्सीवर, एकाच नियंत्रकाशी बोलत होते. तरीही २७ मार्च १९७७च्या रविवारी संध्याकाळी, स्पेनच्या तेनेरिफे बेटावर, ही दोन जंबो जेट विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मृत्युमुखी पडली. आज वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक रेडिओवर जी मोजूनमापून, काहीशी कोरडी भाषा बोलतात, तिच्यातले अनेक नियम या आणि अशाच काही अपघातांनंतर आले आहेत.

हे कसं घडलं ते समजण्यासाठी आधी हा रेडिओ कसा चालतो ते पाहायला हवं. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं. विमानाच्या रेडिओवर तसं होत नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर टॉवर आणि त्याच्या ताब्यातली सगळी विमानं असतात. बोलायचं तर बटण दाबायचं, ऐकायचं तर सोडायचं. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर त्या दोघांना एकमेकांचं काहीच कळत नाही आणि इतरांच्या कानात एक कर्कश शिट्टी वाजते. हा दोष जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे. तरीही ही पद्धत टिकली याला कारण आहे. एफएम पद्धतीत दोन संदेश भिडले, तर जोरकस संदेश दुसऱ्याला गिळून टाकतो आणि काही हरवलं याचा पत्ताही लागत नाही. शिट्टी निदान तेवढं तरी सांगते. पुढचं काम माणसाचं असतं. त्याने थांबायचं आणि ‘पुन्हा सांगा’ असं म्हणायचं.

दुसरी अडचण भाषेची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये विमानांच्या रेडिओसाठी इंग्रजीची शिफारस केली आणि १९५६ मध्ये अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरं सांगण्याची पद्धत लागू झाली. पण वाक्यं कशी बांधायची, कोणता शब्द कधी वापरायचा नाही, कोणती सूचना परत म्हणून दाखवायचीच, याची शिस्त अजून सैल होती. अनुभवी माणसं एकमेकांचं बोलणं अंदाजाने समजून घेत. स्वच्छ हवेत, मोकळ्या विमानतळावर ते खपूनही जाई.

त्या रविवारी तेनेरिफेच्या लोस रोदेओस विमानतळावर यातलं काहीच अनुकूल नव्हतं. दुपारी सव्वा वाजता शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या विमानतळात, एका फुलांच्या दुकानात बॉम्ब फुटला. कनारी बेटांना स्पेनपासून स्वतंत्र करू पाहणाऱ्या संघटनेचं ते काम होतं. दुसऱ्या बॉम्बची धमकी आल्यामुळे तो विमानतळ बंद करण्यात आला आणि तिकडे निघालेली विमानं तेनेरिफेकडे वळवण्यात आली. लोस रोदेओस लहानसा विमानतळ. समुद्रसपाटीपासून सुमारे ६३३ मीटर उंचीवर, डोंगरांच्या मध्ये. धावपट्टी एकच. तिला समांतर एक टॅक्सीवे होता, पण वळवलेल्या विमानांना उभं करायला दुसरी जागा नसल्यामुळे तोही अडला होता. टॉवरमध्ये दोन नियंत्रक होते आणि जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नव्हतं.

वळवलेल्या विमानांत दोन बोइंग ७४७ होती. ॲमस्टरडॅमहून आलेलं केएलएम कंपनीचं विमान १ वाजून ३८ मिनिटांनी उतरलं. त्यात सुटीवर निघालेले डच प्रवासी होते. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कमार्गे आलेलं पॅन अ‍ॅमचं विमान सव्वादोनला उतरलं. त्यातले बहुतेक प्रवासी निवृत्त अमेरिकन होते आणि ग्रान कनारियाहून त्यांना एका पर्यटन जहाजावर चढायचं होतं. हे विमान स्वतःही प्रसिद्ध होतं. जानेवारी १९७० मध्ये ७४७चं प्रवाशांसहचं पहिलं व्यावसायिक उड्डाण याच विमानाने केलं होतं. केएलएमच्या विमानाचे कॅप्टन होते याकोब फेल्डहाउझन फान झान्टन. कंपनीच्या ७४७ वैमानिकांचे ते मुख्य प्रशिक्षक होते आणि कंपनीच्या जाहिरातींत त्यांचा फोटो झळकत असे. त्यांच्या शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची ७४७वरची पात्रता परीक्षा खुद्द त्यांनीच घेतली होती. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

ग्रान कनारियाचा विमानतळ काही वेळाने उघडला. पॅन अ‍ॅमचे प्रवासी विमानातच बसून होते, त्यामुळे ते लगेच निघू शकलं असतं. पण पुढे केएलएमचं विमान इंधन भरत उभं होतं. ५५,००० लिटरहून अधिक इंधन भरलं जात होतं. पॅन अ‍ॅमच्या दोघांनी खाली उतरून बाजूने जाण्यापुरती जागा आहे का ते पाहिलं. जागा सुमारे साडेतीन मीटरनी कमी पडली. फान झान्टन यांनाही घाई होतीच. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर हॉलंडमध्ये नुकतेच कडक नियम आले होते. मर्यादा ओलांडली असती, तर विमान आणि प्रवासी तेनेरिफेलाच अडकले असते. त्यातच डोंगरावरून ढग खाली उतरू लागले. या विमानतळावर धुकं म्हणजे जमिनीला टेकलेले ढगच. ते वाऱ्यासोबत सरकत येतात आणि दृश्यमानता मिनिटामिनिटाला बदलते.

पाचच्या सुमाराला केएलएमच्या विमानाला धावपट्टीवरूनच पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन, तिथे उलटं वळून उड्डाणासाठी उभं राहायला सांगण्यात आलं. पॅन अ‍ॅमनेही त्याच्या मागोमाग धावपट्टीवर यावं आणि डावीकडच्या तिसऱ्या वाटेने बाहेर पडावं, अशी सूचना होती. पॅन अ‍ॅमच्या कॉकपिटमध्ये नियंत्रकाचं ‘फर्स्ट’ की ‘थर्ड’ हे नीट कळेना, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं. नियंत्रकाने एक, दोन, तीन असं मोजून सांगितलं. पण तिसऱ्या वाटेचं वळण सुमारे १४८ अंशांचं, म्हणजे जवळपास मागे फिरण्यासारखं होतं. ७४७ एवढ्या अजस्र विमानाला ते फार अवघड. चौथ्या वाटेचं वळण सोपं होतं. धुक्यात विमान तिसरी वाट मागे टाकून चौथीकडे निघालं. नियंत्रकाला ते दिसत नव्हतं. केएलएमलाही दिसत नव्हतं. आता तिघांमध्ये उरला होता तो फक्त रेडिओ.

केएलएमचं विमान वळून उभं राहिलं आणि फान झान्टन यांनी लगेच इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली. अजून मार्गाची परवानगी मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने लक्षात आणून दिलं. कॅप्टन थांबले आणि ती मागायला त्यांनी सांगितलं. इथे एक भेद समजून घ्यायला हवा. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने, कोणत्या उंचीवर जायचं ही एक परवानगी असते. धावपट्टीवरून प्रत्यक्ष उडण्याची परवानगी वेगळी असते. टॉवरने मार्गाची परवानगी दिली. त्या वाक्यात ‘टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा’ असे शब्द होते. उड्डाणाची परवानगी त्यात नव्हती.

सहवैमानिक ती सूचना परत म्हणत असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडले. सहवैमानिकाने घाईघाईत वाक्य संपवलं ते असं, की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. टॉवरमध्ये त्याचा अर्थ लागला की विमान उड्डाणाच्या जागी तयार उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. नियंत्रक म्हणाला ‘ओके’. क्षणभर थांबून त्याने पुढे सांगितलं की थांबा, मी तुम्हाला बोलवीन. नेमक्या त्याच क्षणी, ‘ओके’ ऐकून धास्तावलेल्या पॅन अ‍ॅमने बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.

दोन्ही वाक्यं अपघात टाळणारी होती. यातलं एक जरी स्वच्छ पोचलं असतं, तरी विमान थांबवायला वेळ होता. पण ती एकमेकांवर आदळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये जवळजवळ चार सेकंद शिट्टी वाजत राहिली. स्पष्ट ऐकू आलं ते फक्त पहिलं ‘ओके’.

तरीही एक संधी उरली होती. टॉवरने पॅन अ‍ॅमला सांगितलं की धावपट्टी मोकळी केलीत की कळवा, आणि पॅन अ‍ॅमने ते मान्य केलं. हे संभाषण केएलएममध्ये ऐकू आलं. मात्र आतापर्यंत पॅन अ‍ॅमला ‘क्लिपर’ म्हणून पुकारणाऱ्या नियंत्रकाने या एका वेळी ‘पापा अल्फा’ असं पुकारलं, त्यामुळे हे त्याच विमानाबद्दल आहे हे चटकन लक्षात येणं कठीण होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला मात्र शंका आली. ते विमान अजून बाहेर पडलं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिलं की पडलं आहे. इंजिनिअर गप्प बसला. सहवैमानिकही काही बोलला नाही.

काही सेकंदांत समोर धुक्यातून पॅन अ‍ॅमचं विमान दिसलं. तिकडे कॅप्टन व्हिक्टर ग्रब्ज यांनी पूर्ण जोर लावून विमान डावीकडे गवतात वळवायचा प्रयत्न केला. फान झान्टन यांनी विमान उचलायची एवढी धडपड केली की त्याची शेपटी सुमारे २० मीटर धावपट्टीवर घासत गेली. ते जमिनीवरून उठलं, पण पुरेसं नाही. ५ वाजून ६ मिनिटं ५० सेकंदांनी त्याची चाकं आणि इंजिनं पॅन अ‍ॅमच्या वरच्या भागाला चिरत गेली. नुकत्याच भरलेल्या इंधनाने पेट घेतला. केएलएममधले सर्व २४८ जण मरण पावले. पॅन अ‍ॅममधल्या ३९६पैकी ६१ जण वाचले आणि त्यांत कॉकपिटमधले तिघंही होते. धुकं इतकं दाट होतं की अग्निशामक दलाला आगीत दोन विमानं सापडली आहेत, हे सुरुवातीला कळलंही नाही.

स्पेन, हॉलंड आणि अमेरिका यांच्या तज्ज्ञांनी तपास केला. स्पेनच्या अहवालाने मूळ कारण असं नोंदवलं की केएलएमच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी नसताना विमान धावपट्टीवर सोडलं. डच तज्ज्ञांनी टॉवर आणि विमान यांच्यातल्या परस्पर गैरसमजावर अधिक भर दिला. केएलएमने अखेर जबाबदारी स्वीकारून नुकसानभरपाई दिली. दोष कुणाचा किती, हा वाद आपल्या जागी आहे. त्या दिवशी प्रत्येकाने अर्धवट ऐकलेल्याचा सोयीचा अर्थ लावला, हे मात्र कुणीच नाकारलं नाही.

त्यातून दोन मोठे बदल झाले. पहिला भाषेचा. ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ म्हणून भागणार नाही. ती शब्दशः परत म्हणायची आणि म्हटलेलं बरोबर आहे का ते नियंत्रकाने ऐकून तपासायचं. दुसरा बदल कॉकपिटमधल्या अधिकाराचा. १९७९ मध्ये नासाने अशा मानवी चुकांवर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने त्या टाळण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. पुढे ते जगभर सक्तीचं झालं. कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकायची, हा त्याचा गाभा.

पण नियम कागदावर आले म्हणून जगभरच्या कॉकपिटमध्ये एकदम रुजले नाहीत. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचं आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्ककडे येत होतं. खराब हवामानामुळे त्याला तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटं घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आलं. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हे शब्द उच्चारले नाहीत. नियंत्रकांच्या लेखी त्या दोन शब्दांशिवाय विमान रांगेतल्या इतर विमानांसारखंच होतं. उतरायचा पहिला प्रयत्न फसला, चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८पैकी ७३ जण गेले. इंधन कमी असल्याचं कसं कळवायचं आणि ते संकट केव्हा मानायचं, याचे नेमके शब्द पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत आले.

यानंतरचा धडा भारताच्या आकाशात मिळाला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सौदी अरेबियाच्या सौदिया कंपनीचं ७४७ विमान दिल्लीहून निघालं. आखातात पोट भरायला निघालेले कितीतरी भारतीय त्यात होते. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीत उतरायला येत होतं. तेव्हा दिल्लीच्या परिसरातल्या आकाशाचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात होता, त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच अरुंद मार्ग उरला होता. विमानाची उंची पडद्यावर दाखवणारं दुय्यम रडार अजून कार्यान्वित झालं नव्हतं. उंची किती, हे वैमानिक सांगतील तेवढंच नियंत्रकाला कळत असे.

नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदिया विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून विमान येत असल्याची सूचनाही त्याने कझाक विमानाला दिली. त्या विमानात इंग्रजी बोलण्याचं काम एका वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि त्याच्या जागेवर उंची दाखवणारा स्वतंत्र काटा नव्हता. सूचना ऐकायची एकाने, विमान चालवायचं दुसऱ्याने आणि मधला दुवा एका माणसाच्या तोंडी. कझाक विमान १५,००० फुटांवर न थांबता खाली येत राहिलं. शेवटच्या क्षणी ऑपरेटरने वैमानिकांना उंचीची आठवण करून दिली आणि त्यांनी विमान वर घ्यायला सुरुवात केली. त्याच क्षणी ते सौदिया विमानावर आदळलं. हरियाणातल्या चरखी दादरी परिसरातल्या शेतांत दोन्ही विमानांचे अवशेष विखुरले. ३४९ जण मरण पावले. दोन्ही विमानांतलं कुणीच वाचलं नाही. आजवर आकाशात झालेली ही सर्वांत भीषण टक्कर आहे.

पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांनी चौकशी केली. कझाक विमानाने परवानगी नसताना उंची सोडली, असा त्यांचा निष्कर्ष होता. इंग्रजीचं तोकडं ज्ञान आणि त्यातून सूचनांचा लागलेला चुकीचा अर्थ हेही कारण त्यांनी नोंदवलं. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारं उपकरण भारतात येणाऱ्या विमानांसाठी सक्तीचं झालं. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सभेने वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीचा किमान दर्जा ठरवण्याचा ठराव केला. मार्च २००८ पासून त्यासाठी चाचणीत सहापैकी किमान चौथी पातळी गाठणं आवश्यक झालं.

आज परिस्थिती कितीतरी सुधारली आहे. समुद्रावरच्या लांब मार्गांवर नियंत्रक आणि वैमानिक एकमेकांना लेखी संदेश पाठवतात, आणि अरबी समुद्रावरच्या मुंबईच्या हद्दीतही ही सोय आहे. लेखी संदेशावर शिट्टी वाजत नाही आणि उच्चारांचा घोळ होत नाही. पण धावपट्टीच्या आसपास, जिथे सेकंदांचा हिशेब असतो, तिथे अजूनही आवाजच वापरावा लागतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत येण्याची सूचना देताना ‘नंबर वन’ असं सांगण्यात आलं. उड्डाणाच्या रांगेत पहिला क्रमांक, एवढाच त्याचा अर्थ होता. त्या विमानाचे कॅप्टन मात्र धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असं समजले. उतरत असलेलं जपान एअरलाइन्सचं विमान त्याच्यावर आदळलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण पेटत्या विमानातून वेळेत बाहेर पडले. जपानने त्यानंतर काही काळ रांगेतला क्रमांक सांगणंच बंद ठेवलं.

तेनेरिफेपासून हानेदापर्यंतचा हा सत्तेचाळीस वर्षांचा इतिहास एक गोष्ट ठामपणे सांगतो. यंत्र आवाज पोचवतं, अर्थ पोचल्याची खात्री माणसालाच करावी लागते. परत म्हणून दाखवलेली सूचना, संशय येताच थांबवलेलं विमान आणि ज्येष्ठाला न घाबरता विचारलेला प्रश्न, या तीन गोष्टींनी गेल्या काही दशकांत किती माणसं वाचली याची मोजदाद कधीच होणार नाही, कारण टळलेल्या अपघातांची यादी नसते. म्हणूनच वाढत्या वाहतुकीच्या दबावाखाली या शिस्तीत सूट मिळता कामा नये. नियंत्रकांना पुरेशी विश्रांती, पुरेसे सहकारी आणि जमिनीवरचं रडार मिळालं पाहिजे. वैमानिकाला उशिराच्या भीतीने घाई करावी लागू नये. आणि विमान थोडा वेळ धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं, तर आपण प्रवाशांनीही कुरकुर करू नये. पुढे जाण्यापूर्वी कुणीतरी पुन्हा विचारतं आहे, आणि ते विचारलंच पाहिजे.